लहान मिररलेस कॅमेरा आणि लेन्स: तुमच्या मनातला कसा असावा?

कवडसा

परवा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कॅमेरा ठेवून पाहिला. बॅटरी आणि कार्ड धरून बॉडी साडेचारशे ग्रॅमच्या आत भरली. खूश झालो. मग नेहमी वापरतो तो झूम लावला आणि काटा अकराशेच्या पुढे गेला. 'छोटासा आहे, कुठेही नेता येईल' असं सगळ्यांना सांगत मी हा कॅमेरा घेतला होता. गेल्या महिन्यात तो घराबाहेर पडला दोनदा.

म्हणून हा धागा. 'अमुक मॉडेल बेस्ट' नको, त्याचे धागे पुष्कळ आहेत. एखाद्या कंपनीने समोर बसवून विचारलं की लहान मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) तुला काय हवं, तर काय सांगाल? लेन्सबद्दलही लिहा. माझ्या मते खरं दुखणं तिथेच आहे.

सुरुवात माझ्यापासून. व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यात हवा, म्हणजे नाक स्क्रीनवर घासत नाही. आणि तो वर वळणारा हवा. पॅनासॉनिकच्या जीएक्स७ मध्ये २०१३ सालीच असा होता, सरळ नव्वद अंशांत वर उचलायचा. जमिनीलगतचं फूल टिपायला पोटावर लोळायला नको, भर उन्हात स्क्रीनवर हाताची सावली धरायला नको. पुढच्या जीएक्स८ आणि जीएक्स९ मध्येही राहिला. बाकीच्यांनी मात्र फारसं मनावर घेतलं नाही.

डायल दोन हवेत, न बघता बोटाला सापडणारे. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) रॉवरून, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या माहितीवरून काढलेला हवा. आता जो दिसतो तो जेपेगवरून काढतात. ढग जळला म्हणून कॅमेरा पट्टे नाचवतो, मी घाबरून एक्स्पोजर खाली आणतो, आणि घरी येऊन रॉ उघडली की कळतं, अजून एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) सहज मिळाला असता.

लेन्सला ॲपर्चरची, म्हणजे प्रकाशाची वाट लहान-मोठी करणारी रिंग हवी (एफचा आकडा जितका लहान तितकी वाट मोठी). फोकसची रिंग मागे ओढली की थेट मॅन्युअल व्हावं आणि अंतराचे आकडे दिसावेत. ऑलिंपसने १२ मिमी एफ/२ ला २०११ मध्ये हे दिलं होतं.

यादी वाचताना लक्षात आलं की यातलं काहीच नव्याने शोधायचं नाही (रॉ हिस्टोग्राम सोडा, तोही नुसता सॉफ्टवेअरचा प्रश्न). प्रत्येक गोष्ट कुणी ना कुणी बनवून झालेली आहे. एकाच कॅमेऱ्यात तेवढी कधी भेटत नाहीत.

उंडगा

मस्त धागा. वजनाबद्दल +१.

माझं सगळं फिरणं पायी, त्यामुळे मला पहिलं हवं पाण्या-धुळीपासून संरक्षण, आणि ते लेन्सलाही. बॉडी सील केलेली आणि सोबतची किट लेन्स उघडी, हे म्हणजे दाराला तीन कुलपं आणि खिडकी सताड. लहान लेन्स म्हटली की कंपन्या सगळ्यात आधी माउंटजवळची (लेन्स बॉडीला जिथे बसते तिथली) रबराची कडी काढून टाकतात. ती कडी किती जागा खाते हो?

निकॉनने २०१३ मध्ये वन मालिकेत एडब्ल्यू१ आणला होता, लेन्स बदलता येणारा आणि १५ मीटर पाण्याखाली चालणारा. मालिकाच बंद पडली, त्यात तोही गेला. मला पाण्याखाली जायचं नाही, पण कुणी तरी हे करून दाखवलंय एवढं सांगायचं होतं.

दुसरं, चार्जिंग. युएसबी-सी हवंच, आणि चार्ज होताना कॅमेरा चालूही राहायला हवा. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या डिजिटल कॅमेऱ्यांनाही युएसबी-सी सक्तीचं झालंय, त्यामुळे हे दुखणं तरी आपोआप बरं होईल.

तिसरं, अंगची मेमरी. एकदा पहाटे दोन तास चढून वर पोचलो, कॅमेरा काढला, कार्ड घरी लॅपटॉपमध्ये. सूर्योदय डोळ्यांनीच पाहिला. लायका एम११ मध्ये ६४ जीबी आत असते, हॅसलब्लाड एक्स२डी मध्ये तर १ टीबी. मोठ्या लोकांचे कॅमेरे ते. मला ३२ दिली तरी पुरे.

झापडबंद

मोबाईल घ्या. त्यात मेमरी आहे, युएसबी-सी आहे, पाणी चालतं, खिशात बसतो. धागा संपला.

टिटवी

झापडबंद, पन्नास फुटांवरचा खंड्या मोबाईलवर टिपून इथे चिकटवा. मग संपवू धागा.

माझी गरज बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे म्हणून लिहिते. पक्षी टिपताना आवाज नको, म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर. पण साध्या सेन्सरला अख्खी चौकट वरून खाली वाचायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पंख हललेला असतो. फोटोत तो केळीच्या पानासारखा वाकडा येतो. म्हणजे मला हवाय पटकन वाचणारा सेन्सर, लहान बॉडीत.

आणि बटण दाबायच्या आधीच्या चौकटी साठवणं. ऑलिंपसने २०१६ च्या ई-एम१ मार्क २ मध्ये प्रो कॅप्चर दिलं तेव्हा मला वाटलं जाहिरातबाजी असेल. अर्धं बटण दाबून ठेवलं की कॅमेरा आतल्या आत चौकटी फिरवत राहतो, पूर्ण दाबलं की मागच्या काही चौकटीही कार्डावर उतरतात. पक्षी उडाला हे मला कळेपर्यंत तो फांदीवरून गेलेला असतो. माझ्या बोटाचा आळस भरून काढणारी अशी सोय दुसरी नाही. आता हे बऱ्याच कॅमेऱ्यांत आलंय, पण लहान आणि स्वस्तातल्या बॉडीत बहुतेक वेळा गाळतात.

अर्धामुर्धा

कवडसा, काट्याने तुम्हाला खरं तेच सांगितलंय. बॉडी लहान करणं तुलनेने सोपं होतं. आरसा गेला, माउंट आणि सेन्सरमधलं अंतर घटलं. निकॉनच्या एफ माउंटला ते ४६.५ मिमी होतं, झेडला १६. कॅननच्या ईएफला ४४, आरएफला २०. तेवढी जाडी बॉडीतून कमी झाली. वाइड लेन्सना त्याचा फायदा झाला, कारण भिंग सेन्सरच्या जवळ नेता आलं. टेलिफोटोला शून्य फायदा. बॉडीतून काढलेली पोकळी लेन्सच्या मागे नळी होऊन परत आली, एवढंच.

लेन्सचा आकार ठरवणारा खरा आकडा फोकल लेंग्थ भागिले एफ नंबर. ३०० मिमी एफ/४ म्हणजे ७५ मिमी रुंद प्रकाशाची वाट. समोरचं भिंग त्याहून लहान होऊच शकत नाही. मायक्रो फोर थर्ड्सवर (हा लहान सेन्सर) ही ३०० जेवढा कोन दाखवते, तेवढ्यासाठी फुलफ्रेमला (हा मोठा सेन्सर) ६०० लागते. ६०० एफ/४ म्हणजे १५० मिमी, ती खांद्यावर तोफ. पण ६०० एफ/८ घेतली तर? पुन्हा ७५. आणि एफ/८ ला फुलफ्रेमची डेप्थ ऑफ फील्ड (किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट) आणि सेन्सरवर पडणारा एकूण प्रकाश मायक्रो फोर थर्ड्सच्या एफ/४ एवढाच येतो.

म्हणजे लहान सेन्सरमुळे लेन्स लहान होते हे अर्धंच खरं. लहान सेन्सरवाल्यांना एफ/४ लिहिलेली लेन्स मिळते आणि फुलफ्रेमवाल्यांना एफ/८ लिहिलेली सहसा कुणी बनवून देत नाही, कारण आकडा वाईट दिसतो. कॅननने २०२० मध्ये ६०० आणि ८०० मिमी एफ/११ काढल्या तेव्हा केवढे हसले लोक. उन्हात टिटवी-खंड्या टिपायला काय वाईट आहेत त्या?

टिटवी

टिटव्या संध्याकाळी जास्त ओरडतात, उन्हात नाही :) एफ/११ ला मग आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) कुठे जातो ते विचारू नका.

नवशिका१

नमस्कार, मी नवीन आहे, बरंचसं डोक्यावरून गेलं. दोन शंका. सेन्सर लहान असला तरी प्रकाश सारखाच, तर मग मोठा सेन्सर घ्यायचाच कशाला? आणि दुसरी, जरा घाबरतच विचारतो. माझा कॅमेरा बंद असताना हलवला की लेन्समधून खुळखुळ आवाज येतो. काही तुटलंय का?

अर्धामुर्धा

दुसरीचं आधी: घाबरू नका. बऱ्याच नव्या लेन्समध्ये फोकसचं भिंग लिनियर मोटरवर, म्हणजे चुंबकाच्या जोरावर तरंगत असतं. वीज बंद, की ते मोकळं. काही बॉडींत आयबिसचा (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारा) सेन्सरही असाच लटकतो. चालू केल्यावर आवाज थांबतो ना? मग ठीक आहे.

पहिलीचं उत्तर: मोठ्या सेन्सरला आणखी मोठी वाट उघडता येते. फुलफ्रेमचं क्षेत्रफळ ३६ गुणिले २४, म्हणजे ८६४ चौ. मिमी. एपीएस-सीचं साधारण ३६७, मायक्रो फोर थर्ड्सचं २२५. फुलफ्रेम आणि मायक्रो फोर थर्ड्स, दोघांवर एफ/२ लावलीत तर फुलफ्रेम जवळपास चौपट प्रकाश गोळा करतो, दोन स्टॉपचा फरक. फक्त ती एफ/२ लेन्स मोठी आणि जड असते. मोठा सेन्सर म्हणजे जास्तीची मुभा. ती वापरायची तर वजन उचला, नाही तर उगाच कशाला घेता?

नवशिका१

धन्यवाद! तुटलेलं नाही ऐकून हायसं वाटलं. रात्रभर झोप नव्हती.

जुनापुराणा

तरुणांनो, १९६६ मध्ये रोलाय ३५ निघाला. फिल्म पूर्ण ३६ गुणिले २४ ची, ४० मिमी एफ/३.५ लेन्स बॉडीत ढकलून आत घ्यायची, आणि शर्टाच्या खिशात. बॅटरी फक्त प्रकाशमापकाला, ती संपली तरी फोटो निघायचा. तुमच्या आकड्यांचं मला कौतुक आहे, पण इतक्या वर्षांत आपण खिशातून बॅगेत आलो.

माझी मागणी एकच. फोकसची रिंग भिंगाला जोडलेली हवी. आताच्या रिंगला आतून तारच असते, रिंग फिरवली की मोटरला निरोप जातो, मोटर तिच्या मर्जीने भिंग हलवते. हळू फिरवली तर थोडं, जोरात फिरवली तर जास्त. तीच रिंग तेवढीच फिरवून दोनदा वेगळीकडे फोकस! अंतर बोटांना कळत असे, ते गेलं.

आणि हे सॉफ्टवेअरने रेषा सरळ करणं. लेन्स वाकडी बनवायची आणि कॅमेऱ्याने ती गुपचूप सरळ करून दाखवायची. मी एकदा दुरुस्ती न करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रॉ उघडली, तर दाराची चौकट पिंपासारखी फुगलेली. फसवणूक नाही तर काय?

कोनाडा

जुनापुराणा, फोकसच्या रिंगबद्दल व्हिडिओवाल्यांची तुम्हाला पूर्ण साथ. काही बॉडींत आता रिंगची हालचाल एकसारखी करता येते, शिवाय पूर्ण पल्ल्यासाठी किती अंश फिरवायचं तेही ठरवता येतं. ही सोय नुसत्या फर्मवेअरची (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरची) आहे. ती लहान बॉडीत न देण्याला तांत्रिक कारण काही नाही, पायऱ्या पाडून विकायचं असतं म्हणून.

अर्धामुर्धा

रेषा सरळ करण्याबद्दल मात्र मी कंपन्यांच्या बाजूने. लेन्स बनवणारा सगळे दोष काचेनेच काढायला बसला की एकेक भिंग वाढतं, वजन वाढतं. फुगलेल्या रेषा गणिताने सरळ होतात, कोपऱ्यात थोडा तपशील जातो. धूसरपणा गणिताने परत येत नाही. म्हणून जे गणिताने निघतं ते गणितावर सोडायचं आणि काच धूसरपणावर खर्च करायची. लहान लेन्स हवी आणि ती सॉफ्टवेअरशिवाय निर्दोष हवी, असं दोन्ही मागता येत नाही. रोलायच्या लेन्सच्या कडांनाही लोक काही कमी माफ करत नव्हते.

आणि रोलाय खिशात का बसायचा? फिल्मला तिरका प्रकाशही चालतो आणि तिच्या मागे फक्त दाबपट्टी असते. सेन्सरसमोर काचेचे थर, वर सूक्ष्म भिंगं, त्यांना कडांशीही प्रकाश बऱ्यापैकी सरळ हवा. मागे आयबिसची चौकट, सर्किट, उष्णता बाहेर काढणारा पत्रा, मग स्क्रीन. लेन्स आत ढकलायला जागाच कुठे उरली?

जुनापुराणा

म्हणजे कारण पटलं, दुःख गेलं नाही.

उंडगा

लेन्सचा विषय निघालाच आहे तर सोनीने २०२१ मध्ये केलेली एक गोष्ट मला फार आवडली. २४ मिमी एफ/२.८, ४० मिमी एफ/२.५ आणि ५० मिमी एफ/२.५, तिन्ही बाहेरून एकाच मापाच्या. तिन्हींना ४९ मिमीचा फिल्टर, तिन्हींना ॲपर्चर रिंग, वजन प्रत्येकी पावणेदोनशे ग्रॅमच्या आत. अंधारात बॅगेत हात घातला की कुठलीही टोपी कुठल्याही लेन्सला बसते. एक फिल्टर पुरतो. ही माणसाच्या हाताचा विचार करून केलेली गोष्ट आहे. असा संच सगळ्या माउंटना हवा.

फुजीची २७ मिमी एफ/२.८ पॅनकेक (चपटी लेन्स) पण बघा. २०१३ ची आली तेव्हा रिंग नव्हती. लोक वर्षानुवर्षं तक्रार करत राहिले, २०२१ मध्ये रिंग आणि सीलिंग दोन्ही घालून नवी काढली, ८४ ग्रॅम. ऐकतात म्हणजे कधी कधी. आठ वर्षांनी.

उंडगा

प्रतिसाद दोनदा पडला, काढून टाकला आहे.

काजळी

दोन दिवस वाचते आहे. सगळ्यांची यादी एकत्र केली तर तयार होतो तो वर वळणारा व्ह्यूफाइंडर, आयबिस, सीलिंग, दोन डायल, वेगवान सेन्सर, अंगची मेमरी आणि दिवसभर पुरणारी बॅटरी असलेला कॅमेरा. तो बनलाच तर मोठा आणि जड होईल. त्याला लहान म्हणत नाहीत.

लहान कॅमेऱ्यात आत येणारी प्रत्येक वस्तू कुणाला तरी बाहेर काढून येते. पॅनासॉनिकचा जीएम१ आठवतो का? २०१३, बॅटरी-कार्डासकट २०४ ग्रॅम, आणि अंगात उघडणारा फ्लॅशही. त्या आकारासाठी त्याचं यांत्रिक शटर १/५०० लाच थांबायचं, पुढचं सगळं इलेक्ट्रॉनिक. सगळे म्हणाले व्ह्यूफाइंडर हवा. पुढच्या वर्षी जीएम५ मध्ये व्ह्यूफाइंडर आणि हॉटशू (वर फ्लॅश बसवायची खाच) आला, फ्लॅश गेला. रिकोच्या जीआर ३ मध्ये स्टॅबिलायझेशन आलं, बॉडीही आखूड झाली, फ्लॅश गेला. फुजीच्या एक्स-ई४ ने अंग सपाट करताना फोकसचा पुढचा स्विच आणि मागचा डायल दोन्ही काढले, आणि आपल्यातलेच लोक रागावले. सोनी ए७सी ने पुढचा डायल काढला, ए७सी मार्क २ ला तो परत द्यावा लागला.

हवं ते तुम्ही सांगितलंत. आता सोडाल काय, तेवढं सांगा. मी स्क्रीन उलटी बाहेर वळवणारी बिजागिरी सोडते. स्वतःचे फोटो मी काढत नाही, आणि नुसती वर-खाली झुकणारी स्क्रीन पातळ होते.

कोनाडा

हा प्रश्न आवडला नाही, म्हणजे चांगला आहे.

मी व्ह्यूफाइंडर सोडतो. बिजागिरीला हात लावू नका.

जुनापुराणा

मी व्हिडिओ सोडतो! सगळा व्हिडिओ. तो काढा आणि बघा कसा लहान होतो.

अर्धामुर्धा

जुनापुराणा, वाईट बातमी आहे. मिररलेस असल्यामुळे तुम्ही फोटो काढायच्या आधी जे पाहता तो व्हिडिओच असतो. सेन्सर अखंड वाचला जातोय, प्रोसेसर चालूच आहे. रेकॉर्डिंगचं बटण आणि मेनूची चार पानं काढून फार तर माइकचं भोक वाचेल. मोठी क्लिप चित्रित करताना होणाऱ्या उष्णतेसाठी थोडी तरतूद लागते, तेवढीच खरी बचत.

सोडण्यासारखं मोठं काही असेल तर यांत्रिक शटर. पडदे, स्प्रिंग, मोटर, सगळं जातं. सिग्मा एफपी ने २०१९ मध्ये सोडलं, पॅनासॉनिक एस९ ने २०२४ मध्ये. दोन्ही फुलफ्रेम, दोन्ही खरंच लहान.

टिटवी

आणि वाकडे पंख मला देऊन टाकलेत! थांबा. नुसत्या पक्ष्यांचा प्रश्न नाही हा. घरातल्या एलईडी दिव्याखाली इलेक्ट्रॉनिक शटरने फोटो काढून बघा. ५० हर्ट्झची वीज असेल तर बरेच स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. सेन्सर वाचायला १/२५ सेकंद घेत असेल तर तेवढ्यात चार वेळा. शटर वेगाचं असेल तर फोटोभर चार आडवे पट्टे. आमच्या घरच्या बारशाचे निम्मे फोटो असे पट्टेरी निघाले आहेत. आवाज नको म्हणून मीच सायलेंट लावलं होतं, दोष कुणाला देणार? शिवाय अशा शटरवर फ्लॅश बहुतेक चालतच नाही. एस९ च्या शूला म्हणूनच विजेचे संपर्कबिंदूही नाहीत.

निकॉन झेड९ आणि झेड८ ने यांत्रिक शटर सोडलं ते स्टॅक्ड, म्हणजे खूप पटकन वाचणाऱ्या सेन्सरच्या जोरावर. सोनी ए९ मार्क ३ तर सगळी चौकट एकदमच वाचतो. ते सेन्सर लहान कॅमेऱ्यात द्या, मग खुशाल काढा शटर. तोवर हात लावू नका.

उंडगा

मधला मार्ग म्हणजे लेन्समधलं शटर. फुजी एक्स१००व्ही मध्ये आहे. पाकळ्यांचं, जवळजवळ आवाज नाही, फ्लॅश खूप वरच्या वेगालाही जुळतो. वर चार स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारा) आत बसवलेला, त्यामुळे धबधब्याचं दूध करायला फिल्टरची डबी न्यायला नको. पण त्यासाठी लेन्स बदलण्याची मुभा सोडावी लागते.

लिहिता लिहिता लक्षात आलं, मी हेच सोडायला तयार आहे. माझ्या दहातल्या नऊ फोटोंना एकच लेन्स असते.

नवशिका१

एक्स१००व्ही मिररलेस धरतात का मग?

काजळी

आरसा नाही म्हणजे मिररलेसच की :) पण लेन्स बदलत नाही म्हणून लोक वेगळ्या खान्यात टाकतात. उंडगा, तुमचं उत्तर सगळ्यात प्रामाणिक आहे. मागणी लेन्सची, आणि सोडलं तर माउंटच सोडलं.

कवडसा

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण काजळींच्या प्रश्नावर अडलो होतो. मी ॲपर्चर रिंग सोडीन असं आधी लिहिणार होतो, पण ते खोटं ठरलं असतं. रिंगने जागा जात नाहीच. जागा कशाने जाते ते शोधायला गेल्या तीन वर्षांतले फोटो चाळले. माझा झूम एफ/२.८ आहे. संध्याकाळचे, घरातले धरूनही, एफ/४ च्या खाली मी शेकड्यात बारा वेळा गेलोय. आणि त्या बारातल्या बहुतेक वेळा एखादी छोटी एफ/१.७ प्राइम (झूम नसलेली लेन्स) खिशात असती तर काम जास्त चांगलं झालं असतं. म्हणजे मी कायम एफ/२.८ ची काच वाहून नेतोय ती बारा फोटोंसाठी, आणि त्यांच्यासाठीही ती पुरेशी नाही.

तर मी सोडतो: फुलफ्रेमचा हव्यास, एफ/२.८ झूम, आणि बॅटरीची चैन. जीआर ३ ची बॅटरी अधिकृत मोजणीत २०० फोटोंची आहे, त्यावरून लोक नाकं मुरडतात. मी एका दिवसात दोनशे फोटो शेवटचे कधी काढले, आठवत नाही. एक जादा बॅटरी खिशात.

वर वळणारा व्ह्यूफाइंडर मात्र सोडत नाही. विचारूच नका.

आज काट्यावर पुन्हा ठेवला. तीच बॉडी आणि कपाटात धूळ खात पडलेली पॅनकेक: ५४० ग्रॅम. संध्याकाळी कोटाच्या खिशात टाकून बाहेर पडलो होतो. फोटो तीनच काढले, दोन हलले.

अर्धामुर्धा

पॅनकेकमध्ये स्टॅबिलायझेशन नसतं सहसा. तुमच्या बॉडीत आयबिस आहे ना? बंद ठेवलं असेल, तपासा.

कवडसा

होतं बंद. ट्रायपॉडसाठी बंद केलं होतं, मागच्या वर्षी.

झापडबंद

कवडसा, तो एफ/२.८ झूम आता पडूनच राहणार असेल तर विकताय का? माउंट कुठला? व्यक्तिगत निरोप केलाय.